किनारा बंद असण्याचे दिवस

फाटकावरच्या कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे काय चालतं हे तिला ठाऊक होतं आणि मनातून ती त्यावर खूशच होती. राखीव जंगलात मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ती टेबलावर रिकामी करायला लावायची. खाण्याची पाकिटं किती, डबे किती, काडेपेट्या, बाटल्या, साबणाच्या वड्या किती, सगळं वहीत टिपायची. परत येताना तीच पिशवी पुन्हा रिकामी व्हायची आणि वही उघडली जायची.

"चोवीस पाकिटं नेली होती तुम्ही. ही बावीस आहेत."

"दोन खाल्ली की, बाई."

"बाकीची बावीसही खाल्लीच आहेत. त्यांचे कागद इथे आहेत. त्या दोन पाकिटांचे कागद पण पोटात गेले का?"

मग तो माणूस कपाळाला आठ्या घालत तास-दोन तास चढून पुन्हा मुक्कामाच्या जागी जायचा आणि झुडपात अडकलेले दोन कागद शोधून आणायचा. काही जण भांडायचे. एकाने तर तक्रारवहीत लिहून ठेवलं होतं की ही बाई तुरुंगात शोभली असती. तिने ते पान बाबांना दाखवायला नेलं होतं आणि बाबा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला होता.

मोजण्याची ही पद्धत मुळात बाबांचीच. त्याच दरीत, त्याच तळ्यावर त्यांनी एकतीस वर्षं रक्षकाची नोकरी केली होती. तळ्याच्या किनाऱ्यावर हाकारी नावाच्या पक्ष्याची एक जोडी दरवर्षी बर्फ वितळल्यावर यायची. काळं डोकं, पाठीवर पांढऱ्या चौकटी, अंगाने बदकाहून मोठा. पलीकडच्या काठावरून कुणीतरी आपल्याला लांब हाक मारतंय असा त्याचा आवाज, म्हणून ते नाव. या पक्ष्याचे पाय अंगाच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. त्यामुळे घरटं अगदी पाण्याला लागून, गवतात. अंडी दोनच. बाबा नोकरीला लागले तेव्हा त्या डोंगरातल्या चार तळ्यांवर चार जोड्या होत्या. ते निवृत्त झाले तेव्हा एक राहिली होती. अंडी उबवण्याच्या दिवसांत किनारा बंद ठेवायचा, तंबू वर, डोंगराच्या धारेवर लावायचे, हा नियम बाबांनी वरच्या कचेरीत खेटे घालून करून घेतला होता.

आत जाणाऱ्या प्रत्येक टोळीला ती एक गोष्ट सांगायची. नियमांचा छापील कागद कुणी वाचत नाही, पण गोष्ट ऐकतात हा तिचा अनुभव होता. "या दरीत कावळे नाहीत," ती म्हणायची. "खाली वस्तीत आहेत. अधूनमधून एखादा वरून चक्कर मारून जातो. त्याला खाली पावाचा तुकडा दिसला तर तो उतरतो. दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन येतो. पाव संपला की ते आजूबाजूला शोधतात. आणि आजूबाजूला काय आहे, तर अंडी." एवढं सांगून ती वही मिटायची.  त्यानंतर कागद परत यायचे ते नीट घडी घालून.

बाबा खाली शहरात दादाकडे राहायचे. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. आतली खोली बाबांना दिली होती आणि दादा-वहिनी बाहेर झोपायचे. बाबांच्या फुप्फुसांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकले होते. पलंगाशेजारी प्राणवायूचं नळकांडं, नाकाला नळी, उशाशी दुर्बीण. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे नळ आणि वाळत घातलेले कपडे सोडून काही दिसत नव्हतं, तरी दुर्बीण तिथून हलवू द्यायचे नाहीत. वहिनी त्यांचं सगळं करायची. अंग पुसणं, मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा भरवणं, नळीला चिकटलेला शेंबूड काढणं. पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं ती करते, असं दादा म्हणायचा, आणि ते बोलणं बहिणीला लागावं म्हणूनच म्हणायचा.

त्या सुट्टीला ती गेली तेव्हा दादाने तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टर म्हणाले, महिना. फार तर दीड."

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"त्यांना तळं बघायचंय," दादा म्हणाला.

"म्हणाले तसं?"

"म्हणतील कशाला? कधी काही मागितलंय त्यांनी? पण काल मी आत गेलो तर दुर्बीण डोळ्याला लावून भिंतीकडे बघत होते. भिंतीकडे, कळतंय का तुला?"

"धारेवरच्या तंबूपर्यंत त्यांना चढवणार कसं? पावणेतीनशे पायऱ्या आहेत."

"धारेवर कशाला? किनाऱ्यापर्यंत गाडीचा रस्ता आहे ना तुमचा. अडसर आहे, त्याची किल्ली तुझ्याकडे असते."

"दादा, किनारा बंद आहे. अंड्यांवर बसलीय ती. अजून दहा-बारा दिवस."

"दहा-बारा दिवसांनी बाबा गाडीत बसू शकतील याची हमी देतेस?"

ती ओट्यावरचं फडकं घडी करू लागली. दादाचा आवाज खाली आला. "सगळ्या जगाला तू आत सोडतेस. चपला घासत येणाऱ्या कुणालाही. आणि ज्या माणसाने ते तळं राखलं, त्याला सोडणार नाहीस? एक रात्र. आम्ही काय तिथे नाचणार आहोत?"

"बाबा स्वतः नाही म्हणतील."

"म्हणून तर त्यांना सांगायचं नाही."

ती बाहेर आली. वहिनी बाबांना पाणी पाजत होती, एक एक चमचा. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, "कशी आहे जोडी?"

ती पलंगाच्या कडेला बसली. खोटं बोलायला तिला वेळ लागला नाही, याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं.

"यंदा लवकर आटोपलं त्यांचं, बाबा. पिल्लं बाहेर पडली. पाठीवर घेऊन फिरतात. किनारा उघडलाय आम्ही."

बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिला मागे फिरणं अशक्य झालं. "दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"मग न्याल मला?"

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दादाची गाडी फाटकावर आली. कचेरीत तेव्हा ती एकटीच होती, तशी वेळ तिनेच निवडली होती. मागच्या सीटवर बाबा उशांच्या आधाराने बसले होते, शेजारी वहिनी, पायाशी नळकांडी. अडसर उघडून ती पुढे दादाशेजारी बसली आणि गाडी आत गेली. वहीत नोंद केली नाही. नोंद करायची तर किनारा लिहावं लागलं असतं.

जागा तिने विचार करून ठरवली होती. घरटं तळ्याच्या उत्तरेच्या खाचेत होतं. किनाऱ्याचं त्याच्यापासून सर्वांत लांबचं टोक, मध्ये झाडांची रांग, वारा इकडून तिकडे न जाणारा. तंबू तिने स्वतः लावला, एकही फांदी न तोडता, गवत न उपटता. खुर्ची पाण्याकडे तोंड करून मांडली. दादाने बाबांना उचलून खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांनी नाकातली नळी क्षणभर काढली आणि तळ्याची हवा ओढून घेतली. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. ती लग्न होऊन आल्यापासून या तळ्याच्या गोष्टी ऐकत होती आणि आज पहिल्यांदा बघत होती.

मग तिने दादा-वहिनीला नियम सांगितले. विस्तव नाही, फक्त छोटा स्टोव्ह. भांडी तळ्यात धुवायची नाहीत, पाणी बादलीने लांब न्यायचं. खाणं कडीच्या पत्र्याच्या डब्यात. जे आणलंय ते सगळं परत न्यायचं. ती हे घडाघडा बोलली, हजारदा बोललेलं. वहिनी मान डोलवत डबे लावत होती.

कावळ्यांची गोष्ट तिने सांगितली नाही. बाबा चार हातांवर बसले होते आणि त्यांचे कान अजून शाबूत होते. गोष्टीत अंडी येतात.

दुपारी तिला फाटकावर परतावं लागलं. "उद्या सकाळी येते," ती म्हणाली. बाबांनी तिचा हात धरून ठेवला होता. "चांगलं केलंस, पोरी," ते म्हणाले. चालत परतताना पूर्ण वाटभर तिच्या मनात तेवढंच होतं. नोकरी लागल्याच्या दिवशीही ते इतकं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऊन धारेवरून खाली उतरायच्या आत ती किनाऱ्याकडे निघाली. झाडांची रांग यायच्या आधीच तिला आवाज ऐकू आला. एक नव्हे, अनेक. खाली वस्तीत, उकिरड्याजवळ ऐकू येतो तो आवाज. ती पळत सुटली.

बाबा खुर्चीत होते. दुर्बीण मांडीवर पडली होती. त्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही. वहिनी तंबूच्या दाराशी तोंडावर हात ठेवून उभी होती. दादा उत्तरेकडून किनाऱ्याने परत येत होता, गुडघ्यांपर्यंत भिजलेला, हातात टॉवेल, धापा टाकत. आणि खाचेच्या गवतावर कावळे उठत-बसत होते. तिने मोजले. सात होते.

"मी हाकलायला गेलो," दादा लांबूनच म्हणाला. "बाबा ओरडत होते नको जाऊस, जवळ जाऊ नकोस, पण कावळे त्या हाकारीभोवती घिरट्या घालत होते. मला वाटलं, टॉवेल उडवला की पळतील. मला काय माहीत ती उठेल म्हणून."

"उठली?"

"मला बघून पाण्यात गेली. मी पोचेपर्यंत..." 

कावळे आले होते ते तंबूमागच्या झुडपाशी. आदल्या संध्याकाळी वहिनीने ताटातला उरलेला भात आणि बटाट्याची सालं तिथे, मुळाशी, माती उकरून घातली होती. घरी ती कुंड्यांना तसंच घालायची. डब्यात आंबट वास सुटला असता, म्हातारा माणूस शेजारी झोपणार. एक कावळा लगेच उतरला होता. वहिनीने त्याला हुसकावलंसुद्धा नाही. बिचारा, म्हणाली होती, इथे उपाशी असेल. पहाटे उजाडताच सात आले, माती उकरून भात संपवला आणि मग किनाऱ्याने शोधत शोधत उत्तरेला गेले.

पुढचं बाबांनी दुर्बिणीतून सगळं बघितलं होतं.

खरं तर त्यांना आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. खाचेकडून हाकारीचा आवाज आला, पण तो लांब हाकेचा नव्हता. आखूड, दबका, घशातल्या घशात. तो आवाज मादी फक्त अंड्यांवर बसलेली असताना, जोडीदाराला जागा बदलायला बोलावताना काढते. बाबांनी दादाला विचारलं होतं, "पिल्लं निघाली म्हणाली ना ती?" दादा म्हणाला होता, "हो ना."  त्यावर बाबा फक्त म्हणाले, सकाळ झाली की लगेच निघू.

ती त्यांच्या खुर्चीसमोर खाली बसली. पाण्याच्या मधोमध दोन्ही पक्षी होते. एकमेकांपासून थोडे दूर. हाक मारत नव्हते.

"बाबा."

ते तळ्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हो," ते म्हणाले. त्यांना श्वास पुरेना. नळीतून दोन-तीन वेळा ओढून मग म्हणाले, "तेवढं तरी मला करू द्यायचं होतंस."

दादा तंबूच्या खुंट्या उपटत होता. "पुन्हा घालतील ना अंडी?" त्याने विचारलं. "कोंबड्या घालतात."

"हंगामाच्या सुरुवातीला गेली असती तर घातली असती," ती म्हणाली. "आता दिवस उरले नाहीत."

"पुढच्या वर्षी मग."

 तिने वहिनीबरोबर झुडपाखालची माती हातांनी चाळली, भाताचं शीत न शीत वेचून डब्यात भरलं. वहिनी रडत होती आणि वेचत होती. घरट्यापाशी ती एकटी गेली. गवताच्या ओल्या ढिगावर टरफलाचे तपकिरी तुकडे होते. त्यांना आतून पिल्लांची मऊ पिसं चिकटली होती. तिने ते अहवालासाठी टिपून घेतलं, कारण तसा नियम होता.

गाडीत बसवताना बाबा तिला एकच शब्द बोलले. "लिही."

"कशाला लिहायचं?" दादा गाडीच्या टपावर दोरी आवळत म्हणाला. "बघितलंय कुणी? लिहिलंस तर तुझी नोकरी जाईल आणि अंडी काय परत येणारेत?"

पण लिहिण्याला अर्थ होता, आणि तो तिथल्या चौघांत बाबांना आणि तिलाच माहीत होता. नियमच तसा होता. घरटं माणसामुळे उद्ध्वस्त झालं तर तो किनारा सलग पाच हंगाम बंद ठेवायचा, म्हणजे जोडीला पुन्हा भरवसा यायला वेळ मिळतो. नैसर्गिक कारणाने गेलं तर तसं बंधन नाही. हे कलम बाबांनीच घालून घेतलं होतं.

तिने त्याच दिवशी अहवाल लिहिला. अडसर मी उघडला. मुक्काम माझ्या वडिलांचा आणि भावाच्या कुटुंबाचा. अन्न पुरलं गेलं, त्यावर कावळे आले. सूचना अपुरी दिली गेली. दोन अंडी, पूर्ण वाढलेली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, मनुष्य.

मोठ्या साहेबांची खोली कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर दरीचा नकाशा, टेबलावर काच, काचेखाली जुने फोटो. त्यातल्या एकात तरुण साहेब आणि त्यांच्या शेजारी बाबा, दोघेही चिखलाने माखलेले. साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"बस," ते म्हणाले. "कसे आहेत?"

"काही दिवस आहेत."

"मला ही दरी त्यांनी दाखवली. पाऊल कसं टाकायचं तेही त्यांनीच शिकवलं." त्यांनी कागदावर हात ठेवला. "हा असा कागद मी वर पाठवू? एकतीस वर्षं ज्याने राखलं त्याच्याच मुक्कामामुळे शेवटचं घरटं गेलं, असं? उद्या प्रत्येक बैठकीत हे वाचलं जाईल."

"त्यांनीच सांगितलंय लिही म्हणून."

"ते आजारी आहेत. आजारी माणूस काहीही सांगतो."

"साहेब, पाच वर्षांचं कलम त्यावर अवलंबून आहे."

"मला माहीत आहे कलम. किनारा बंद ठेवायचं मी बघतो. कारण नैसर्गिक लिहूया. कावळे नैसर्गिकच आहेत ना?" ते थोडं हसले, तिला धीर द्यावा म्हणून. "तुझी नोकरी मी जाऊ देणार नाही. पण अडसर तू उघडलास हे मला कळलंय म्हटल्यावर तुला फाटकावर ठेवता येणार नाही. वाहनतळावर जा. शिक्षा समजू नकोस."

ती उठली नाही. तिथेच बसून तिने दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. साहेबांनी शेवटी तिच्यासाठी पाणी मागवलं. ते मनाने वाईट नव्हते. वाईट असते तर तिला भांडता आलं असतं.

वाहनतळ म्हणजे फाटकाबाहेरचं खडीचं मैदान. गाड्या रांगेत लावून घ्यायच्या, पावत्या फाडायच्या. फाटकावर तिच्या जागी नवा कारकून आला. तो लोकांना छापील कागद द्यायचा आणि सही घ्यायचा. पिशव्या उघडायला लावत नसे. एवढ्या पिशव्या कोण उपसत बसणार, तो म्हणायचा, आणि तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. तसं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. ती बाप-लेकीची खोड होती.

दर सुट्टीला ती बाबांकडे जायची. ते तिच्याशी बोलायचे, पण जोडी कशी आहे हे आता विचारत नव्हते.

"लिहिलंस?" एकदा त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

"कारण?"

"मनुष्य."

त्यांनी मान हलवली. पुढच्या सुट्टीला ते खूप खालावले होते. ओठ निळसर झाले होते. वहिनीने त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "पाच वर्षं. बंद. राहील ना?"

कागदावर तोवर दुसरंच कारण चढून महिना झाला होता. तिने वरच्या कचेरीला स्वतंत्र पत्र लिहिलं होतं आणि त्याला दोन ओळींचं उत्तर आलं होतं, की नोंदीप्रमाणे घटना नैसर्गिक असून प्रकरण बंद करण्यात आलं आहे. ते उत्तर तिच्या पिशवीत होतं.

"राहील, बाबा," ती म्हणाली.

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पूर्वी वहीतले आकडे ज्या नजरेने तपासायचे तसे. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांना पटलं होतं, की पुन्हा एकदा कळलं होतं, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. चार दिवसांनी ते गेले. पहाटे वहिनी चहा घेऊन आत गेली तेव्हा हात थंड होते.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, वहिनी आतल्या खोलीत रिकाम्या पलंगावरची चादर घडी करत होती. ती मदतीला गेली. दोघींनी चादरीची टोकं धरली.

"एक विचारू?" वहिनी म्हणाली. "सगळ्यांना तू ती कावळ्यांची गोष्ट सांगतेस म्हणे. हे मला आता कळलं. तुमच्या कचेरीतली बाई आली होती ना काल, ती सांगत होती."

"हो."

"मला का नाही सांगितलीस?"

"बाबा ऐकत होते."

वहिनीने चादर छातीशी धरली. "मला बाजूला घेऊन सांगायचीस. झाडामागे. दोन मिनिटं लागली असती. मी काय अडाणी आहे का? मला कळलं असतं तर मी तो भात माझ्या पोटात घातला असता."

"माझं चुकलं, वहिनी."

"चुकलं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण ते माझ्याच हातून झालं ना. शेवटी ते माझ्या हातचं जेवत नव्हते. तुला माहीत नाही. तोंड फिरवायचे. तुझा दादा भरवायचा. दोन वर्षं मी त्यांना भरवलं आणि शेवटच्या महिन्यात त्यांनी माझ्या हातचा चमचा घेतला नाही. आजारामुळे असेल. आजारामुळेच असेल, नाही का?"

"आजारामुळेच, वहिनी," ती म्हणाली. वहिनीने घडी पूर्ण केली आणि कपाटात ठेवली.

हिवाळ्यात आदेश आला. किनाऱ्यावर घरटं नसल्याने हंगामी बंदीचं प्रयोजन उरलेलं नाही, सबब तिथे मुक्कामाच्या बारा जागा आखण्यात याव्यात. साहेबांनी आडकाठी केली होती, म्हणतात, पण ते स्वतः त्या वर्षी निवृत्त होत होते. नव्या साहेबांनी तिला बोलावून मोकळेपणाने विचारलं, "रिकामा किनारा बंद का ठेवायचा, तुम्हीच सांगा. माणसं लांबून येतात." तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फाईल उघडून तिच्यापुढे सरकवली. रकान्यात तिच्याच अक्षरातला मनुष्य हा शब्द खोडलेला होता आणि वर जुन्या साहेबांच्या वळणदार अक्षरात नैसर्गिक असं लिहिलं होतं.

"मी कागदाप्रमाणे जाणार," ते म्हणाले. "तुमच्यावर अविश्वास नाही."

बर्फ वितळल्यावर तिने चार दिवसांची रजा घेतली आणि साधी पावती फाडून धारेवर तंबू लावला. खाली किनाऱ्यावर बाराही जागा भरलेल्या होत्या. निळे, पिवळे, नारिंगी तंबू. माणसं वाईट वागत नव्हती. मोठ्याने गाणी लावत नव्हती. एक बाई मुलांना भांडी लांब नेऊन धुवायला शिकवत होती. तरी संध्याकाळी तंबूंच्या मधल्या वाटेवर कावळे उतरले. तिने मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी आली. दोघंही आले. पाण्यावर उतरताना लांब रेघ उमटली, आणि किनाऱ्यावरची माणसं उभी राहून बघू लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग एक हाक आली, धारेवर बसून तिला ती बरगड्यांत ऐकू आली. दोन दिवस ते तळ्याच्या मधोमध राहिले. तिथून ते हळूहळू उत्तरेच्या खाचेकडे सरकायचे. तिथे जागा क्रमांक अकराचा तंबू होता. एक तरुण जोडपं पाण्यात पाय सोडून बसलेलं असायचं. पक्षी थांबायचे, वळायचे, परत मध्यावर जायचे.

ती एकदा खाली उतरून त्या जोडप्याकडे गेली. त्यांना सगळं सांगितलं, घरटं कुठे होतं, तेही. दोघं मनापासून हळहळली. "आम्ही लगेच उठतो इथून," मुलगी म्हणाली, आणि खरोखरच त्यांनी तासाभरात तंबू आवरून दुसरीकडे हलवला. दुपारी फाटकावरून नवं कुटुंब आलं. त्यांच्या पावतीवर अकरा नंबर होता.

तिसऱ्या दिवशी पक्षी उठले. पाण्यावर लांबवर धावत, पंख आपटत, महत्प्रयासाने. धारेच्या उंचीला येईपर्यंत त्यांना वेळ लागला, ते तिच्या समोरूनच गेले. तिने बाबांच्या दुर्बिणीतून ते डोंगरापलीकडे जाईपर्यंत बघितलं. पलीकडे तळं नव्हतं. तिला ते माहीत होतं. त्या डोंगरातली उरलेली तिन्ही तळी तिने लहानपणापासून बघितली होती आणि तिन्हींच्या काठी आता रस्ता होता.

रजेचा एक दिवस शिल्लक होता. तिने वाट बघितली. मग तंबू गुंडाळला, खुंट्यांची भोकं पायाने दाबून बुजवली आणि खाली उतरली. दुसऱ्या दिवशी सुट्टी लागणार होती. वाहनतळ सकाळी आठलाच भरला. गाड्या मुख्य रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या, आणि ती उन्हात उभी राहून एकेकीला मागे घ्यायला सांगत होती.